टोचून झाल्यावर

गणेशोत्सवात मांडवाला लागून, नेत्याच्या वाढदिवशी शाळेच्या पटांगणात, नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी जे मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरते, त्याचा साचा आता महाराष्ट्रभर एकच झाला आहे. पहिल्या टेबलावर बीपी, दुसऱ्यावर बोट टोचून शुगर, आणि आयोजकांची ऐपत असेल तर तिसऱ्यावर छोट्या यंत्रातून कोलेस्टेरॉल आणि तीन महिन्यांची सरासरी साखर. चिठ्ठीवर आकडे लिहिले जातात, ‘डॉक्टरांना दाखवून घ्या’ एवढे सांगितले जाते आणि संध्याकाळी लाभार्थींची संख्या फोटोंसकट व्हॉट्सॲपवर फिरते. या शिबिरांची टिंगल करणे सोपे आहे, पण ती पूर्ण न्याय्य नाही. आपला रक्तदाब वाढलेला आहे हे अनेकांना पहिल्यांदा तिथेच कळते. माझा आक्षेप वेगळा आहे. झटपट रक्ततपासणीने वैद्यकाला एक अशी गोष्ट दिली जी प्रयोगशाळेच्या रिपोर्टला कधी जमली नव्हती: निकाल येतो तेव्हा माणूस अजून समोर बसलेला असतो. आणि ही तपासणी आपण नेमकी तिथे नेऊन ठेवतो आहोत, जिथे निकालानंतर त्या माणसाशी दहा मिनिटे बोलणारे, त्याचे नाव वहीत लिहून पुढच्या महिन्यात त्याला हाक मारणारे कोणीच नसते. यंत्र गर्दी असते तिथे जाते. ते जायला हवे जिथे पाठपुरावा करणारी माणसे आहेत तिथे.

ही यंत्रे शोधतात काय, हे आधी पाहू. १९८८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनी अमेरिकेतल्या मधुमेहतज्ज्ञांसमोर बँटिंग व्याख्यान दिले. इन्सुलिनला शरीर पुरेशी दाद देईनासे झाले की रक्तातली साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब वाढतो, ‘चांगले’ म्हणवले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल उतरते, आणि हे सारे बदल बहुधा एकत्र नांदतात, असे त्यांनी मांडले. त्यांनी त्याला सिंड्रोम एक्स म्हटले. पुढे मेटाबॉलिक सिंड्रोम हे नाव रूढ झाले. १९९८ पासून वेगवेगळ्या संस्थांनी निकष ठरवले आणि २००९ मध्ये त्यांचा मेळ घालण्यात आला. पाचपैकी कोणत्याही तीन गोष्टी असल्या की हा लक्षणसमूह आहे असे धरायचे: वाढलेला कमरेचा घेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १०० किंवा जास्त. कमरेचा निकष वंशानुसार बदलतो. अमेरिकी निकषात पुरुषांसाठी १०२ आणि स्त्रियांसाठी ८८ सेंटिमीटर ही मर्यादा होती. दक्षिण आशियाई लोकांसाठी ती ९० आणि ८० धरली जाते. या पाचांपैकी दोन गोष्टींना रक्ताचा थेंबही लागत नाही, ही बाब पुढच्या युक्तिवादात महत्त्वाची ठरणार आहे.

मर्यादा आपल्यासाठी खाली का आणावी लागली, याचे उत्तर बऱ्याच अंशी पुण्यातून आले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात दिसले की इथले नवजात बाळ इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळापेक्षा खूप हलके असते (सरासरी २.७ किलो विरुद्ध ३.५ किलो), पण त्याची चरबी त्या प्रमाणात कमी नसते, कमी असतात ते स्नायू आणि पोटातले अवयव. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हा फोटो म्हणजे वजनकाट्यावर विसंबून राहणाऱ्या प्रत्येक आरोग्य कार्यक्रमाला दिलेला इशारा होता. ‘मी कुठे जाड आहे?’ असे म्हणणारा बारीक हातापायांचा आणि पुढे पोट आलेला माणूस आपल्याकडे गल्लोगल्ली आहे, आणि धोक्याची सुरुवात बहुधा त्याच्यापासूनच होते.

किती आहेत असे लोक? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे देशव्यापी निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १,१३,०४३ लोकांच्या तपासणीवर आधारलेला त्यांचा अंदाज असा: मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्था १५.३ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के, पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के, आणि रक्तातल्या मेदांत काहीतरी बिघाड तब्बल ८१.२ टक्के. मधुमेहात गोवा देशात पहिला, २६.४ टक्क्यांवर. महाराष्ट्र या पाहणीच्या पहिल्या टप्प्यातच होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आकड्यांत राज्यात मधुमेह ८.४ टक्के आणि मधुमेहपूर्व अवस्था १२.८ टक्के होती. म्हणजे आत गेलेल्यांपेक्षा उंबऱ्यावर उभे असलेले जास्त. त्याच टप्प्यातल्या मेदांच्या विश्लेषणात, ज्याचे पहिले लेखक मुंबईचे डॉ. शशांक जोशी होते, ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल कमी निघाले. त्या मानाने एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले फक्त १३.९ टक्के. आपल्याकडे ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ हे वाक्य फार लवकर दिलासा देते, ते यामुळे. आणि इंडियाबबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: त्यातली साखर घरोघरी जाऊन, ग्लुकोमीटरने, बोटाच्या रक्तावर मोजलेली आहे. शिरेतले रक्त काढले ते दर पाचव्या माणसाचे. तेव्हा बोट टोचून काढलेला आकडा कुचकामी असतो असे म्हणणाऱ्याने देशातल्या मधुमेहाचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा आकडाही सोडून द्यायला हवा.

अर्थात लाखाच्या पाहणीत चुका एकमेकींना बऱ्याच प्रमाणात छाटतात; एका माणसाच्या चिठ्ठीत ती सोय नाही. म्हणून यंत्राच्या पोटात काय घडते ते समजून घेणे गरजेचे. साखरेच्या स्ट्रिपचे मूळ १९६२ साली लीलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी सुचवलेल्या एन्झाइमच्या इलेक्ट्रोडमध्ये आहे. स्ट्रिपवरचे एन्झाइम थेंबातल्या ग्लुकोजशी अभिक्रिया करते, सुटलेले इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात, आणि त्या सूक्ष्म विद्युतप्रवाहावरून पाचेक सेकंदांत आकडा येतो. मेदांचे काम अधिक अवघड. तिथे थेंबही मोठा, साधारण ३५ ते ४० मायक्रोलिटरचा लागतो. कार्ट्रिजमध्येच लाल पेशी गाळल्या जातात, एचडीएल इतर मेदकणांपासून वेगळे केले जाते, मग रंग उमटतो आणि त्यावर पडलेल्या प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजमाप होते. याला पाच मिनिटे पुरतात. हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, म्हणजे एचबीए१सी, मोजणारी छोटी यंत्रे एक-दीड मायक्रोलिटर रक्तावर तीन ते सहा मिनिटांत उत्तर देतात. एवढी करामत चपलेच्या खोक्याएवढ्या जागेत बसवणे हे कौतुकाचेच काम आहे, आणि पुढे जे लिहिणार आहे ते हे कौतुक राखूनच.

पहिला आक्षेप अचूकतेचा. ग्लुकोमीटरसाठीचा २०१३ चा आंतरराष्ट्रीय मानदंड सांगतो की १०० किंवा त्यापुढच्या साखरेला ९५ टक्के निकाल खऱ्या आकड्याच्या १५ टक्के आत-बाहेर असले तरी यंत्र उत्तीर्ण. म्हणजे उपाशीपोटी साखर खरोखर १२६ असेल, जिथून मधुमेह सुरू होतो, तर यंत्राने १०७ दाखवले काय किंवा १४५ दाखवले काय, नियमाच्या दृष्टीने दोन्ही चालते. आधीच मधुमेह असलेल्याला दिवसभरातले चढउतार समजायला हे पुरे. निरोगी समजल्या जाणाऱ्या माणसावर कायमचा शिक्का मारायला अजिबात पुरे नाही. एचबीए१सीच्या छोट्या यंत्रांची २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये कसून तपासणी झाली तेव्हा आठपैकी सहा यंत्रे सर्वमान्य कसोटीला उतरली नाहीत. त्यानंतर यंत्रे सुधारली, पण सगळीच सारखी सुधारली असे मानायला आधार नाही. त्यातून ही यंत्रे चालवणाऱ्या हातांचे आणि हवेचे प्रश्न. पेरू-संत्रे सोललेले बोट नुसते पुसून टोचले तर साखर भलतीच वाढलेली दिसते. हाताला ग्लिसरीनयुक्त क्रीम लावलेले असेल तर ट्रायग्लिसराइड फुगते, कारण यंत्र शेवटी ग्लिसरॉलच मोजत असते. बोट जोरात पिळले की थेंबात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो. बऱ्याच स्ट्रिप्सच्या डबीवर तीस अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, आणि विदर्भातल्या मे महिन्यातल्या मांडवात पारा त्याच्या कितीतरी पुढे असतो. कोकणात श्रावणात डबीचे झाकण उघडे राहिले तर दमट हवा स्ट्रिपची वाट लावते. कार्ट्रिजला फ्रिज लागतो, फ्रिजला वीज. आणि हे सगळे सांभाळले तरी दिवाळीत चकली-करंजीवर ताव मारून आलेल्या माणसाचे ट्रायग्लिसराइड त्या दिवशीचा फराळ सांगते, वर्षभराचा धोका नव्हे. त्या मेदाचा स्वभावच चंचल. एकाच माणसात ते दिवसागणिक वीसेक टक्क्यांनी सहज हलते.

अचूकतेच्या आक्षेपातला सर्वांत गंभीर भाग मात्र यंत्राचा नाही, रक्ताचा आहे, आणि त्याची चर्चा शहरी वर्तुळात जवळजवळ होतच नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. लाल पेशींचे प्रमाण कमी असले की अनेक ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात. लोहाच्या कमतरतेत लाल पेशी रक्तात जास्त काळ टिकून राहतात, त्यांना साखर चिकटायला जास्त वेळ मिळतो, आणि एचबीए१सी विनाकारण वर जाते; साखर ठीक असलेली बाई मधुमेहपूर्व गटात टाकली जाते. उलट गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार किंवा मेळघाटातल्या ज्या वस्त्यांत सिकलसेल आढळतो, तिथे पेशी लवकर मोडतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि खरोखरचा मधुमेह सहाच्या आत लपून बसतो. एकाच राज्यात, एकाच यंत्रावर, एकीकडे नसलेला आजार दिसतो आणि दुसरीकडे असलेला दिसत नाही. यावर उपाय अवघड नाही. हिमोग्लोबिनही बोटाच्या थेंबावर मोजता येते. ते कमी असेल तर एचबीए१सीवर निर्णय करायचा नाही, साखर थेट मोजायची. पण हा उपाय करायला टेबलामागच्या माणसाला हे ठाऊक हवे आणि त्या बाईचा दुसरा दिवस त्याच्या ताब्यात हवा. शिबिराच्या दुपारी बारा वाजता, मागे तीनशेची रांग असताना, दोन्ही नसते.

म्हणून मी असे म्हणेन की या यंत्रांना चाळणी म्हणून वापरा, न्यायाधीश म्हणून नको, आणि चाळणीत काय ओतायचे ते आधी ठरवा. समजा एखादी झटपट तपासणी बऱ्यापैकी चांगली आहे: शंभर मधुमेहींपैकी नव्वद पकडते आणि शंभर निरोगी लोकांपैकी नव्वदांना सोडून देते. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. सरसकट हजार लोकांत, देशाच्या सरासरीने, ११४ मधुमेही असतील. त्यांतले १०३ सापडतील. पण उरलेल्या ८८६ निरोगी लोकांतले ८९ जणही अडकतील. म्हणजे ‘शुगर निघाली’ असे ऐकून घरी गेलेल्या १९२ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांना ती नसेल. आता याच हजार जागा मोजपट्टीने निवडलेल्या, घरात मधुमेह असलेल्या, पस्तिशी ओलांडलेल्या लोकांना दिल्या आणि त्यांच्यात चौथाई मधुमेही आहेत असे धरले, तर तेच यंत्र २२५ खरे आणि ७५ खोटे निकाल देईल. चारांतले तीन खरे. यंत्र बदलले नाही, स्ट्रिपचा खर्च बदलला नाही. बदलली ती रांग. आणि रांग बदलणारे साधन म्हणजे शिंप्याकडची दीड मीटरची पट्टी. ती नीट लावावी मात्र लागते: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. पँटचा नंबर सांगून काम भागत नाही, कारण आपल्याकडे पुरुषांची पँट पोटाच्या खाली बांधलेली असते आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये मांडलेली मधुमेह-धोक्याची गुणसंख्या वय, कमर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातला मधुमेह या चारच गोष्टींवर उभी आहे. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यातही कमरेचा रकाना आहे. शहाणपण व्यवस्थेत आहे. ते यंत्राच्या आधी वापरले जात नाही एवढेच.

दुसरा आक्षेप मुळावरच घाव घालतो: मेटाबॉलिक सिंड्रोम नावाची वेगळी गोष्ट आहे तरी का? २००५ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी संयुक्त निवेदन काढून विचारले की या लेबलाने त्याच्या घटकांच्या बेरजेपेक्षा अधिक काय कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानेही २०१० मध्ये म्हटले की रोगनिदानाचे किंवा उपचाराचे साधन म्हणून या कल्पनेचा उपयोग मर्यादित आहे. आणि ज्यांनी ही मोट बांधली त्या रीव्हन यांनीच २००५ मध्ये एका लेखाच्या शीर्षकात तिला चिरशांती चिंतली! मला हा आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच यंत्राच्या पडद्यावर ‘सिंड्रोम आहे’ किंवा ‘नाही’ असा हिरवा-लाल दिवा लावणाऱ्या विक्रेत्यांपासून सावध राहायला हवे. दोघांचा रक्तदाब सारखाच वाढलेला आणि बाकी ठीक असेल, तर कमर ८९ आणि ट्रायग्लिसराइड १४८ असलेल्याला दिवा हिरवा दिसेल, ९१ आणि १५२ वाल्याला लाल. दोघांच्या धमन्यांना या फरकाचे काही सोयरसुतक नसते. पण रोगनिदानाला कुचकामी ठरलेली कल्पना संभाषणाला उपयोगी पडू शकते. बीपीची गोळी घेणाऱ्याला कमर मोजावी, कमर सुटलेल्याची साखर पाहावी, एका दाराने आलेल्याला बाकीची चार दारे दाखवावीत, एवढ्यासाठी ती टिकवली तर तज्ज्ञांच्या टीकेशी तिचे भांडण राहत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तपासणीच्या समर्थकांना तो टाळण्याची सवय लागली आहे. केंब्रिजच्या ‘ॲडिशन’ चाचणीत २०,१८४ जोखमीच्या लोकांचा विचार झाला. मधुमेहासाठी तपासणीला बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या गटांत दहाएक वर्षांनी मृत्यूंमध्ये फरक पडला नाही. कोपनहेगनच्या उपनगरांतल्या ‘इंटर९९’ या ५९,६१६ लोकांच्या चाचणीत तर तपासणीबरोबर पाच वर्षे जीवनशैलीचे समुपदेशनही होते, तरी दहा वर्षांनी हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वसाधारण आरोग्य तपासण्यांवरच्या कॉक्रेन आढाव्याचाही सूर हाच. मग बोटे टोचायची कशाला? यावर दोन गोष्टी सांगता येतात. एक, डेन्मार्क-इंग्लंडमध्ये प्रत्येकाचा ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो आणि तो तपासणी मोहिमेविनाही रक्तदाब-साखर पकडत असतो. शिवाय बोलावल्यावर येतात ते बहुधा आधीच प्रकृतीला जपणारे. आपल्याकडे ती पार्श्वभूमी नाही. दोन, आपल्याच मातीतला पुरावा वेगळे बोलतो. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीत, जिचे निष्कर्ष २००६ मध्ये आले, उंबऱ्यावरच्या ५३१ लोकांना गटांत विभागले होते. नुसता सर्वसाधारण सल्ला मिळालेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायामाचा सतत पाठपुरावा झालेल्यांत ३९.३ टक्के, आणि मेटफॉर्मिन दिलेल्यांत ४०.५ टक्के. तरीही पाश्चात्त्य चाचण्यांनी एक कडू गोष्ट शिकवली आहे, ती मी माझ्या बाजूने वळवून घेणार नाही: पाठपुरावा म्हणजे गोड बोलणे नव्हे. पुन्हा मोजणे, गरज असेल तिथे रक्तदाबाची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करणे, ती पुढच्या महिन्यातही मिळेल याची खात्री करणे, हे त्यात नसेल तर समुपदेशनाचा तक्ता भिंतीवर राहतो.

ही खात्री देता येते याचे उदाहरण आपल्या राज्यात आहे, आणि त्यात कोणतेही चकचकीत यंत्र नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. त्याची कल्पना साधी होती: उपचाराची एकच सोपी पायरीवार पद्धत, मोजकीच औषधे पण कधी न संपणारी, गोळ्या देण्यात परिचारिकेचाही वाटा, घराजवळच्या केंद्रात महिन्याची औषधे, आणि प्रत्येकाची नोंद, म्हणजे न आलेला माणूस दिसावा. रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण वाढले आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पातळीवर त्याचा गौरवही झाला. झटपट रक्ततपासणी या चौकटीत बसवली तर तिचे खरे मोल दिसते. सध्याच्या चालीने उपकेंद्रात बोटाच्या थेंबावर वेळी-अवेळी घेतलेली साखर १४० किंवा जास्त निघाली की माणसाला वर पाठवतात. वर म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. उपाशीपोटी जायचे, रक्त द्यायचे, रिपोर्टला पुन्हा जायचे. ऊसतोडीच्या किंवा द्राक्षांच्या हंगामात दोन दिवसांची मजुरी बुडवून, अजून काहीच दुखत नसलेल्या आजारासाठी कोण जाईल? प्रत्येक फेरीला माणसे गळतात. मेदांची तपासणी तर असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पहिल्या पायरीवर नाहीच. उपाशी न राहताही मेदांचा उपयोगी अंदाज येतो, हे डेन्मार्कने २००९ पासून व्यवहारात आणले आणि २०१६ मध्ये युरोपीय तज्ज्ञांनी मान्य केले; उपाशी नसताना ट्रायग्लिसराइडची मर्यादा १७५ धरायची एवढेच. म्हणजे बीपीची गोळी न्यायला महिन्याला येणाऱ्या, कमर सुटलेल्या माणसाची साखर आणि मेद त्याच भेटीत, त्याच खुर्चीवर पाहता येतात. आणि निकाल संशयास्पद वाटला तर पुढच्या महिन्यात तो येणारच असतो, तेव्हा पुन्हा. लक्षणे नसताना मधुमेहाचे निदान दोन निकालांवर करावे हा नियम इथे आपोआप पाळला जातो.

बाजाराला अर्थातच हे सावकाशीचे गणित आवडत नाही. थेंबभर रक्तात सारे काही सांगतो म्हणणारी अमेरिकेतली थेरानोस कंपनी २०१५ मध्ये पत्रकार जॉन कॅरीरू यांच्या बातम्यांनी उघडी पडली आणि तिची संस्थापक एलिझाबेथ होम्स २०२२ मध्ये गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल दोषी ठरली. त्या प्रकरणाचा धडा बोटाच्या रक्तावर अविश्वास ठेवा असा काढणे चूक आहे. थोड्या, नीट पारखलेल्या तपासण्या बोटाच्या रक्तावर उत्तम होतात. शेकडो तपासण्यांचे पॅकेज विकणाऱ्या मोहाबद्दल मात्र तो धडा आजही लागू आहे, मग सुई बोटात जावो की शिरेत.

शेवटचा आक्षेप आशाताई आणि उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या वतीने येतो, आणि तो ऐकायलाच हवा. लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी, क्षयरोग, कुष्ठरोग, प्रत्येक सर्वेक्षण त्यांच्याच डोक्यावर. आता हे यंत्रही. माझे म्हणणे त्यांचे काम वाढवणारे आहे, हे खरे. पण त्यातला टोचण्याचा भाग छोटा आहे, आणि कमरेच्या पट्टीने तो आणखी छोटा होतो. वाढतो तो परत बोलावण्याचा भाग, आणि त्याचे पैसे वेगळे द्यायला हवेत. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशाताईंना फॉर्म भरण्यासाठी दहा रुपये आणि सापडलेल्या रुग्णाचा सहा महिने पाठपुरावा करण्यासाठी पन्नास रुपये ठरवले गेले. मेदांची एक कार्ट्रिज यापेक्षा कितीतरी महाग असते. जिल्हा परिषद यंत्रांची निविदा काढते तेव्हा किमतीत कार्ट्रिज, फ्रिज आणि देखभाल धरली जाते. त्याच हिशेबात दर संशयित रुग्णामागे दुसऱ्या आणि तिसऱ्या भेटीचा मेहनताना धरला, आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था ज्या बाह्य गुणवत्ता चाचण्या घेतात तशा चाचणीची अट घातली, तर यंत्रे कमी येतील. येतील ती चालतील. आणि गणेश मंडळांनी शिबिर बंद करायचे कारण नाही. पट्टी आणि बीपीचे टेबल ठेवावे, ज्यांचे आकडे वाढलेले निघतील त्यांची परवानगी घेऊन नावे जवळच्या केंद्राच्या वहीत चढवावीत, आणि पुढच्या वर्षीच्या फलकावर लाभार्थींच्या संख्येऐवजी त्यांतले किती जण तिसऱ्यांदा केंद्रात आले, तो आकडा लिहावा. तो बहुतेक लाजिरवाणा लहान असेल. पहिल्या वर्षी तसाच लिहावा.